शेततळ्यातलं पाणी नेमकं जातं कुठं? बाष्पीभवन, गळती आणि मोजणी

मोसंबी_अंबड
अंबड तालुका, जि. जालना. तळं वरून ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूचा उतार १:१ (जेवढं आडवं तेवढंच उभं), अस्तराला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, तिसरं वर्ष. उतारावर कागदावरच ऑइलपेंटने दर १० सेंमीला रेघा मारल्यात, मधलं टेपने मोजतो. एप्रिलचे दहा दिवस मोटर बंद, पाऊस नाही, विहिरीचा भरणा नाही. पाणी रोज सरासरी १५ मिमी उतरलं. ९०० चौमी गुणिले १५ मिमी म्हणजे दिवसाला साडेतेरा हजार लिटर. झाडाला ८० लिटर धरलं तर १६८ झाडांचं पाणी रोज हवेत.

जवळच्या वेधशाळेत त्याच दहा दिवसांचं पॅन बाष्पीभवन (ठरावीक मापाच्या पत्र्याच्या भांड्यातून रोज उडणारं पाणी) सरासरी ११.८ मिमी आहे. तळ्यातून पॅनपेक्षा जास्त कसं उडेल? गळती धरायची का? आणि थांबवायला पावडर टाकावी, चेंडू सोडावेत की शेडनेट ताणावं? आकड्यानिशी लिहा. जाहिरात नको.

काटकोन
पट्टी उतारावर आहे ना? मग पहिली गळती टेपमध्येच आहे.

१:१ उतारावर पाणी उभं १० मिमी उतरलं की कागदावर ते १४.१ मिमी सरकलेलं दिसतं. तुमचे १५ भागिले १.४१ करा, १०.६ मिमी आले. उतार दीडास एक (दीड आडवं, एक उभं) असता तर १.८ ने भागावं लागलं असतं. दुसरं, ९०० चौमी हे काठोकाठ भरलेल्या तळ्याचं क्षेत्र. आत्ता पाणी किती खोल आहे?

मोसंबी_अंबड
तळापासून अडीच मीटर.

काटकोन
तळ २४ मीटरचा, दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच, म्हणजे पाण्याची बाजू २९ मीटर आणि क्षेत्र ८४१ चौमी. त्याला १०.६ मिमीने गुणा, ८,९०० लिटर. साडेतेरा हजारांतले साडेचार हजार लिटर कुठंच गेले नव्हते.

उभी पट्टी लावा. ११० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा रोवायचा, खालच्या टोकाला ६ मिमीची चार-पाच भोकं, आत स्टीलची पट्टी. पाइपात लाट येत नाही, मिलिमीटर नीट वाचता येतो. कागदाला भोक पडू नये म्हणून पाइप सिमेंटच्या घमेल्यात उभा करून खाली जुन्या कागदाचे दोन तुकडे घालायचे.

पॅन_गुणांक
आता पॅनकडे. पॅनचा आकडा म्हणजे तळ्याचा आकडा नव्हे. पत्र्याचं भांडं चारी बाजूंनी तापतं, पाणी जेमतेम वीतभर, त्यामुळे ते तळ्यापेक्षा जास्त उडवतं. म्हणून गुणांक लावतात, म्हणजे पॅनच्या आकड्याला एकाहून लहान संख्येने गुणतात. पण कुठल्या पॅनला कुठला गुणांक, इथं बहुतेकांची गफलत होते.

अमेरिकन 'क्लास ए' पॅन १२१ सेंमी व्यासाचं, साधारण २५ सेंमी खोल, उघडं. त्याचा गुणांक ०.७. भारतीय मानकाचं पॅन १२२ सेंमी व्यासाचं, साडेपंचवीस सेंमी खोल, तांब्याच्या पत्र्याचं, आतून कल्हई, बाहेरून पांढरा रंग, आणि वर षट्कोनी तारेची जाळी. जाळी पक्ष्यांसाठी असते, पण तिच्यामुळे पॅनचं बाष्पीभवन सुमारे १४ टक्क्यांनी घटतं. म्हणून त्याला ०.८ लावतात.

तुमचे ११.८ मिमी उघड्या पॅनचे असतील तर तळ्याचे ८.३ झाले, जाळीच्या पॅनचे असतील तर ९.४. पहिल्यात गळतीला २.३ मिमी उरतात, दुसऱ्यात १.२. एका जाळीवर गळतीचा आकडा निम्मा किंवा दुप्पट होतो. तेव्हा वेधशाळेत जाऊन पॅनवर जाळी आहे का ते डोळ्यांनी बघा.

हे गुणांक मुळात वर्षाच्या सरासरीचे आहेत. दहा दिवसांच्या हिशेबाला ते ढोबळच.

बालाघाट_की
एवढी उस्तवार कशाला? संध्याकाळी ६ ला एक वाचन, सकाळी ६ ला दुसरं. रात्री ऊन नाही, बाष्पीभवन नाही. जे उतरलं ती गळती.

पॅन_गुणांक
हेच चुकतं. पाणी दिवसा उष्णता साठवतं आणि रात्री सोडतं. अडीच मीटर खोल पाणी नुसतं अर्धा अंश थंड झालं तरी चौरस मीटरमागे सव्वापाच मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते. एक मिमी पाणी उडायला २.४५ मेगाज्यूल लागतात. म्हणजे अर्ध्या अंशात दोन मिमीची ताकद आहे. त्यातली काही उष्णता आकाशाकडे जाते, सगळी बाष्पीभवनात नाही. पण एप्रिलच्या कोरड्या रात्री वारा वाहत असेल तर मिमी-दीड मिमी सहज उडतं, आणि तुम्ही ते गळतीच्या खात्यात टाकता. मग दुकानदार नवा कागद विकून मोकळा.

खोल तळ्याला ही पद्धत जास्त फसवते, उथळ हौदाला कमी.

बालाघाट_की
बरं, मान्य. मग शेतकऱ्याने घरी करायची पद्धत सांगा. तांब्याचं पॅन कोण आणून देणार?

गोदाकाठ
टब. पोहण्याच्या तलावाची गळती तपासायला जगभर हीच पद्धत वापरतात.

५० सेंमी व्यासाचा सरळ भिंतीचा प्लास्टिक टब घ्या. निमुळता नको, हिशेब बिघडतो. तो तळ्यातच अडकवायचा: दोन बांबू, चार दोऱ्या, तळाशी दगड. आत तळ्याचंच पाणी, आतली आणि बाहेरची पातळी सारखी. टबाची कड पाण्यावर ४ ते ५ सेंमीच ठेवा. जास्त ठेवली तर आतल्या पाण्याला वारा लागत नाही, टब कमी उडवतो आणि गळती फुगून दिसते. कमी ठेवली तर लाट आत येते.

आत-बाहेर पाणी एकाच तापमानाचं, ऊन तेच, वारा तोच. फरक एकच, टबाला गळती नाही. टबात जितकं उतरलं ते बाष्पीभवन. तळं त्याहून जितकं जास्त उतरलं ती गळती.

टबात पट्टीने मोजू नका. टबाचं क्षेत्र १,९६३ चौसेंमी आहे, म्हणजे १ मिमीला १९६ मिली. आतल्या बाजूला एक खिळा टोक वर करून चिकटवा, सुरुवातीला पाणी टोकाला टेकलेलं असावं. रोज त्याच वेळी मापाच्या जगने परत टोकापर्यंत भरा आणि किती मिली लागलं ते वहीत लिहा. दहावा हिस्सा मिमीसुद्धा कळतो. सलग तीन दिवस करा, मधे अवकाळी आला तर पुन्हा पहिल्यापासून. वानरं आणि पारवे पाणी पितात तेवढं बघा.

तुराटी
भर: टब काळा घेऊ नका आणि चकचकीत पांढराही नको. कागद काळा असेल तर आतून मळकट, गडद टब बरा. पांढऱ्या टबातलं पाणी कमी तापतं.

काटकोन
ज्यांच्याकडे रोजचे पॅनचे आकडे आहेत त्यांनी आलेख काढावा. आडव्या अक्षावर पॅन, उभ्यावर तळ्याची उतरण, पावसाचे आणि मोटर चालू असलेले दिवस वगळून निदान १५ ठिपके. त्यातून सरळ रेघ. रेघ उभ्या अक्षाला जिथं छेदते ती गळती, रेघेचा चढ म्हणजे तुमच्या तळ्याचा खरा गुणांक. अट एवढीच की दिवस वेगवेगळ्या तापाचे हवेत. सगळे ठिपके ११ ते १२ मिमीत दाटले तर रेघ कशीही ओढता येते.

मोसंबी_अंबड
उभी पट्टी लावली, टबही लावला. तीन दिवसांत टबात ५.४ लिटर भरावं लागलं, म्हणजे रोज ९.२ मिमी. त्याच तीन दिवसांत तळं ३२ मिमी उतरलं, रोज १०.७. फरक दीड मिमी. ८४१ चौमीला रोज साधारण १,२५० लिटर गळती आणि ७,७०० लिटर बाष्पीभवन. आणि हो, पॅनवर जाळी आहे.

पॅन_गुणांक
११.८ ला ०.८ लावून ९.४ येत होते, टब ९.२ सांगतो. जुळलं. (दिवस वेगळे आहेत, तेव्हा फार पाठ थोपटून घेऊ नका.)

९.२ मिमी उडायला चौरस मीटरमागे साडेबावीस मेगाज्यूल लागतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सूर्याकडून दिवसाला ढोबळमानाने २४-२५ मिळतात. त्यातून परावर्तन आणि आकाशाकडे जाणारी उष्णता वजा केली की पंधरा-सोळाच्या आसपास उरतात. बाकीचे सहा-सात कुठून आले? वाऱ्याने. चहूबाजूला नांगरून पडलेली तापलेली काळी रानं, त्यावरून येणारा कोरडा वारा तळ्यावर उष्णता ओततो. छोट्या तळ्याला याचा फटका जास्त, कारण वाऱ्याला ओलं व्हायला ३० मीटर पुरत नाहीत. म्हणूनच मोठ्या धरणाचे आकडे शेततळ्याला चिकटवू नयेत. आणि म्हणूनच नुसती सावली देऊन काम संपत नाही, वाराही अडवावा लागतो.

गोदाकाठ
२०२२ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये जगातल्या १४.२ लाख तलाव-जलाशयांच्या बाष्पीभवनाचा उपग्रहावरून मांडलेला हिशेब आला. वर्षाला सुमारे १,५०० घन किमी पाणी उडतं. मला त्यातलं लक्षात राहिलेलं वाक्य वेगळंच आहे: माणसाने बांधलेल्या जलाशयांचा साठ्यातला वाटा ५ टक्के, पण बाष्पीभवनातला १६ टक्के. आपण पाणी पसरट साठवतो. शेततळं त्याच आजाराचं छोटं पिल्लू.

काटकोन
पसरटपणाचं गणित मांडतो, पावडरीपेक्षा तेच जास्त कामाचं आहे.

३० बाय ३० बाय ३, उतार १:१, तळ २४ बाय २४. साठा २,१९६ घनमी. आता २६ बाय २६ वरून, खोली ५ मीटर, तळ १६ बाय १६. साठा २,२४७ घनमी. पाणी थोडं जास्तच, आणि उघडं क्षेत्र ९०० ऐवजी ६७६. बाष्पीभवन पहिल्या दिवसापासून २५ टक्के कमी, फुकट. कागदही कमी: पहिल्याला १,०३४ चौमी, दुसऱ्याला ८५०, काठाच्या चरातला सोडून.

पोकलेन_माजलगाव
कागदावर झकास. काळ्या रानात ५ मीटरला १:१ उतार पहिल्या पावसात बसतो. चिकण काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि कागदामागची माती ढासळली की कागद झोळीसारखा लोंबतो आणि जोडावर फाटतो. काळ्या मातीत दीडास एक धरा.

आणि ५ मीटर खोल जायचं कुठं? बहुतेक रानांत दीड-दोन मीटर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक नाहीतर काळा पाषाण. ब्रेकर लावला की तासाचा दर बदलतो.

काटकोन
बरोबर. दीडास एक धरून पुन्हा केलं: ५ मीटर खोलीला वरची बाजू २८, तळ १३, साठा २,१९५ घनमी, उघडं क्षेत्र ७८४. तेवढाच साठा ३ मीटर खोलीत दीडास एक उताराने करायचा तर बाजू ३१.४ आणि क्षेत्र ९८६ लागतं. म्हणजे २० टक्के बचत, २५ नाही.

खडक लागला तर खाली ३ मीटर आणि वर २ मीटर बांध. भरून घ्यायच्या तळ्याला ते चालतं. ओढ्यातून आपोआप भरणाऱ्याला चालत नाही, पाणी वर कसं चढणार?

पोकलेन_माजलगाव
बांध चढवायचा तर २० सेंमीचे थर, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर. मातीची मूठ वळली पाहिजे आणि हाताला चिखल लागता कामा नये, एवढाच ओलावा. पोकलेनच्या बकेटने थापटणं म्हणजे दबाई नव्हे, ते फक्त वरून गुळगुळीत दिसतं. बांधाचा माथा दोन मीटर तरी ठेवा. पाच मीटर खोल तळ्याला कुंपण, आणि चारी बाजूंना आत गाठी मारलेले दोर सोडलेच पाहिजेत. ओल्या कागदावरून पोहणाऱ्यालासुद्धा वर येता येत नाही.

तुराटी
आधीच खोदलेल्या तळ्यांवाल्यांसाठी एक. दोन तळी शेजारी असतील आणि दोन्ही अर्धी असतील तर मार्चमध्येच एकातलं पाणी दुसऱ्यात ओता. ३० बाय ३० ची दोन तळी, प्रत्येकी दीड मीटर पाणी: क्षेत्र ७२९ अधिक ७२९, एकूण १,४५८ चौमी. सगळं एकात घातलं तर पातळी २.७२ मीटर, क्षेत्र ८६७. ५९१ चौमी बंद झालं, ९ मिमीने रोज ५,३०० लिटर वाचले. ओतायचंय ९७६ घनमी, सेकंदाला १० लिटरच्या मोटरने २७ तास. रिकामं कुठलं करायचं? जे गळतं ते.

रिकाम्या तळ्याचा कागद मात्र उन्हात उघडा पडतो. तळाला फूटभर पाणी राहू द्या, नाहीतर वाऱ्याने कागद उचलतो.

मोसंबी_अंबड
माझं एकच तळं आहे. पावडरीचं काय? एजंट ५० टक्के बचत म्हणतोय.

पॅन_गुणांक
पावडर म्हणजे सिटाइल किंवा स्टिअरिल अल्कोहोल, मेणासारखे पांढरे दाणे, क्रीम-शाम्पूत असतात तेच. पाण्यावर त्याचा एका रेणूच्या जाडीचा पापुद्रा पसरतो. कल्पना जुनी: रिडीलने १९२५ च्या सुमारास प्रयोगशाळेत दाखवलं, १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मॅन्सफिल्डने जलाशयांवर करून पाहिलं. हिशेबाने हेक्टरला अवघे २० ग्रॅम पुरतात, म्हणजे तुमच्या तळ्याला पावणेदोन ग्रॅम. ऐकायला जादूच.

वारा मात्र जादू मोडतो. पापुद्रा वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने सरकतो. ताशी १४ किमी म्हणजे सेकंदाला ४ मीटर वारा, पापुद्रा सेकंदाला १२ सेंमी. तुमचं २९ मीटरचं तळं चार मिनिटांत साफ, सगळी पावडर पूर्वेच्या काठाला साय धरल्यासारखी. दुपारी बारा ते पाच, जेव्हा सगळ्यात जास्त उडतं, तेव्हाच आपल्याकडे वारा असतो. शिवाय जिवाणू ते खातात, दोन-तीन दिवसांत संपतं. आणि बाष्पीभवन रोखलं की पाणी तापतं, आणि पापुद्रा फाटला की तेच तापलेलं पाणी जोमाने उडतं. प्रत्यक्ष तळ्यांवर १० ते ३० टक्के बचतीचे आकडे मिळतात, तेही रोज पावडर टाकून. ५० टक्के परातीतले. एजंटाला म्हणावं, टब आतही लाव आणि बाहेरही.

औसा_रोड
चेंडू? लॉस एंजेलिसने जलाशयात ९ कोटी ६० लाख टाकले होते ना.

गोदाकाठ
टाकले, २०१५ मध्ये. १० सेंमीचे काळे एचडीपीई (टणक पॉलिथिन) चेंडू. पण मूळ कारण बाष्पीभवन नव्हतंच. पाण्यातलं ब्रोमाइड, क्लोरीन आणि ऊन मिळून ब्रोमेट तयार होतं, ते घातक, म्हणून ऊन अडवायचं होतं. २०१८ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त हघिघी, मदनी आणि हुक्स्त्रा यांनी हिशेब मांडला: दुष्काळाच्या दीड वर्षात चेंडूंनी सुमारे १७ लाख घनमी पाणी वाचवलं, पण चेंडू बनवायलाच सुमारे २९ लाख घनमी लागलं असावं. म्हणजे अडीचेक वर्षं तरंगले तर बरोबरी.

आपल्या मापात: १० सेंमीचे चेंडू चौमीला ११५ बसतात. ८४१ चौमीला ९७ हजार. मोजायलाच चार माणसं लागतील. रिकाम्या बाटल्या सोडायची टूमही येते अधूनमधून. एक लिटरची बाटली आडवी पडून सव्वादोनशे चौसेंमी झाकते, निम्मं तळं झाकायला १९ हजार बाटल्या. दोन उन्हाळ्यांत त्या चुरतात आणि चुरा ठिबकच्या गाळणीत. थर्माकोल तर नकोच नको, कावळे टोचतात आणि मोत्यासारखे दाणे रानभर.

औसा_रोड
:D

तार_ताण
नेट हाच खरा उपाय, पण नीट बांधलं तर. स्पेनमध्ये मुर्सिया भागात शेततळ्यांवर ताणलेल्या काळ्या दुपदरी पॉलिथिन जाळीने ८० टक्क्यांच्या वर बाष्पीभवन थांबल्याचे मोजलेले निकाल आहेत. सावली आणि वारा दोन्ही अडतात, शिवाय शेवाळ मरतं, वाळूची गाळणी रोज धुवावी लागत नाही. हिरवं ५० टक्क्यांचं रोपवाटिकेचं नेट घेऊन तो आकडा येणार नाही.

आता भार. ३२ मीटर लांब ४ मिमीची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार, दर ३ मीटरला एक. नेट आणि तार मिळून मीटरला ०.४ किलो. मधोमध १ मीटर झोळ ठेवला तर तारेत ५१ किलो ताण, अर्धा मीटर झोळ ठेवला तर १०२. टणक ताणायचा हट्ट केला की खांब आत कलतात, आणि कलले की झोळ पाण्याला टेकतो. पाण्याला टेकलेलं नेट ओलं होऊन स्वतःच बाष्पीभवन करतं, वातीसारखं. त्यामुळे १ मीटर झोळ आणि त्यापेक्षा फूटभर उंच खांब.

हे झालं शांत हवेचं. मे महिन्यातल्या वळवाच्या आधीचं वादळ सेकंदाला २५ मीटर धरा, दाब चौमीला ३८ किलो. जाळीतून वारा निघून जातो म्हणून तिसरा हिस्सा धरला तरी ९०० चौमीला ११ टन. कुठलाच कोपऱ्यातला खांब हे पेलणार नाही, आणि पेलायचं कारणही नाही. पश्चिमेची कड कच्च्या सुतळीने बांधा म्हणजे आधी ती तुटेल आणि नेट झेंड्यासारखं फडकेल, खांब वाचतील. सगळीकडे नायलॉन बांधलं की नेट, तार, खांब आणि बांधाचा कोपरा एकत्र जातात.

तुराटी
खर्च नको असेल तर पश्चिमेला तुराट्यांचा ताटवा. ३ मीटर उंच, दोन ओळी तिरप्या, मधून निम्मी हवा जाईल इतका विरळ. पूर्ण बंद भिंत केली तर वारा वरून उडी मारून मधोमध भोवरा घालतो. विरळ ताटवा उंचीच्या दहापट अंतरापर्यंत, म्हणजे ३० मीटर, वारा मंदावतो. बरोबर तळ्याएवढं. पऱ्हाट्या नकोत, बोंडअळी त्यातच राहते. झाडं लावायची तर शेवरी, पण बांधापासून निदान पाच मीटर लांब. बांधावरच लावली तर मुळ्या कागद शोधत येतात.

नुसत्या वाऱ्याच्या आडोशाने नेटएवढं वाचत नाही हे लक्षात ठेवा. पण तुराट्या फुकट असतात.

बालाघाट_की
मासे असतील तर?

गोदाकाठ
मग पूर्ण झाकू नका. सावलीत शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही आणि वारा अडल्याने हवेचाही मिसळत नाही. पहाटे रोहू-कटला वर येऊन तोंड उघडायला लागले की समजा झाकण जास्त झालं. निम्म्याच्या आत ठेवा.

औसा_रोड
अवांतर. २०२४ मध्ये एमआयटीच्या लोकांनी दाखवलं की उष्णता न देता नुसत्या प्रकाशानेही पाणी उडतं, हिरव्या प्रकाशाने सगळ्यात जास्त. मग हिरवं नेट घातक का?

पॅन_गुणांक
तो 'फोटोमॉलिक्युलर' परिणाम. हिरवा प्रकाश, पृष्ठभागावर ४५ अंशांनी, विशिष्ट ध्रुवणाचा. भौतिकशास्त्र म्हणून रंजक, वादही चालू आहे. आपल्याला फरक शून्य: असा परिणाम उघड्यावर होत असेल तर तो पॅनमध्ये आणि टबमध्ये आधीच मोजला गेलाय. मोजलेल्या आकड्याला कारण नवं मिळालं म्हणून आकडा बदलत नाही. आणि हिरवं नेट हिरवं दिसतं कारण हिरवा प्रकाश ते परत फेकतं, थोडा खालीही झिरपवतं. काळं घ्या, विषय संपला.

क्षारमापक
बाष्पीभवनाचं दुसरं टोक कुणी धरलं नाही. पाणी उडतं, मीठ उडत नाही. कागदाच्या तळ्यात ते खाली झिरपूनही जात नाही. तळं ३ मीटरवरून २ मीटरवर नुसत्या बाष्पीभवनाने आलं तर साठा २,१९६ वरून १,३५५ घनमीवर येतो. विहिरीच्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, डेसिसीमेन्स प्रति मीटरमध्ये) ०.८ असेल तर १.३ होते. थोडा चुना तळाशी बसतो, म्हणून मीटरवर जरा कमी दिसेल. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) तक्त्यात संत्रावर्गीय झाडांना सिंचनाच्या पाण्याची सुरक्षित मर्यादा १.१ आहे. म्हणजे मेमध्ये मोसंबीला तेच पाणी देताय जे फेब्रुवारीत चांगलं होतं, आणि पानांची टोकं करपली की दोष खताला. ईसी मीटर तळ्यात महिन्याला एकदा बुडवा, आणि वरवर नाही, फूटपट्टीएवढं खाली.

गोदाकाठ
यालाच जोडून, थोडं कडू. बोअरचं पाणी ऑक्टोबरमध्ये उपसून कागदाच्या तळ्यात साठवायचं ही पद्धत आपल्या भागात सर्रास झालीय. खडकाच्या भेगांत ते सावलीत होतं, तिथून काढून आपण उन्हात मांडतो. फळबागेला मेमधली हमी हवी हे कळतं. पण मग भरायचं निदान उशिरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज ४-५ मिमी जरी धरले तरी चार महिन्यांत अर्धा मीटर उडून गेलेला असतो. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आहे तोवर आपण उपसून घेऊ, हे खरं कारण असेल तर त्यावर नेट लागू पडत नाही.

बालाघाट_की
नेमकं हेच कारण असतंय, सगळ्यांना माहीत आहे. बोअर फेब्रुवारीपर्यंत टिकेल याची खात्री कोण देतो?

मोसंबी_अंबड
तो वाद वेगळ्या धाग्यात न्या मंडळी. गळतीचं सांगतो. पाणी वापरून पातळी २.२ मीटरवर आणली आणि टब परत लावला. फरक आता ०.२ मिमी, म्हणजे जवळपास नाहीच.

काटकोन
म्हणजे भोक २.२ ते २.५ च्या पट्ट्यात आहे आणि आता ते पाण्याच्या वर आलंय. उभं ३० सेंमी म्हणजे उतारावर ४२ सेंमी रुंद पट्टा, चारी बाजूंनी सव्वाशे मीटरच्या आत. पाइप आत येतो ती जागा आणि चार कोपरे आधी बघा. कागदाच्या कारखान्यातल्या जोडांवर नखाने खालून वर सरकवत जा.

मोसंबी_अंबड
सापडलं. भरणा पाइपाच्या गळपट्टीखाली बोटभर चीर, घडीवर. काय चिकटवू? एम-सील लावून पाहिलं, दुसऱ्या दिवशी निघालं.

पोकलेन_माजलगाव
पॉलिथिनला कुठलाच गोंद धरत नाही, म्हणून निघालं. त्याच कागदाचा तुकडा घ्या, चिरेच्या चारी बाजूंनी १५ सेंमी जास्त, कोपरे गोल कापा. दोन्ही पृष्ठभाग कोरडे, धूळ पुसलेले, मग पॉलिश पेपरने हलके घासून. हॉट एअर गन दोघांच्या मधे धरून कड चकाकायला लागली की रबरी रोलर दाबत पुढे जायचं. धूर आला म्हणजे जळालं, तुकडा टाकून द्या आणि नवा घ्या. सकाळी लवकर करा. दुपारी कागद पसरलेला असतो, तेव्हा जोडला तर रात्री आकसून परत तिथंच ओढ बसते. आणि घडी तशीच ठेवू नका, पाइपाखालची माती काढून कागदाला चार बोटं ढील द्या, नाहीतर ठिगळ टिकेल आणि शेजारी नवी चीर पडेल.